सुट्या पैशांतले थोर पुरुष

थोर माणूस गेला की आपल्या देशात त्याच्या वाट्याला तीन गोष्टी येतात : पुतळा, रस्ता आणि नाणे. पुतळ्याची देखरेख कावळे करतात. रस्त्याचे नाव पाटी लागल्या दिवसापासून आखडू लागते. महात्मा गांधी रस्त्याचा बघता बघता 'एम. जी. रोड' होतो आणि पुढच्या पिढीला एम. जी. म्हणजे कपड्यांच्या दुकानांचा कोणी मालक वाटतो. राहता राहिले नाणे. पुतळ्याकडे आपण वर्षातून दोनदा जातो, जयंतीला आणि पुण्यतिथीला. नाणे मात्र आपण होऊन आपल्या खिशात येते. आपण त्याची कोथिंबीर घेतो, ते सत्यनारायणाच्या पूजेत सुपारीशेजारी ठेवतो आणि कंडक्टरने परत दिले नाही तर दोन स्टॉप भांडतो. थोर पुरुषाची आणि सामान्य माणसाची इतकी सलगी दुसरीकडे कुठे होत असेल असे वाटत नाही.

मी बँकेत कारकून आहे. बी. कॉम.ला आम्हांला पैशाची चार कामे पाठ करावी लागली होती. विनिमयाचे माध्यम, मूल्याचे माप, मूल्याचा साठा आणि पुढे फेडायच्या देण्याचे प्रमाण. ही चार लिहिली की मार्क मिळत. थोर पुरुषांची आठवण ठेवणे हे पैशाचे पाचवे काम पुस्तकात नव्हते. ते कॅश काउंटरवर बसल्यावर कळले.

२००४ साली लालबहादूर शास्त्रींचे पाच रुपयांचे नाणे निघाले आणि पुढे २००७ साली लोकमान्य टिळकांचे. त्या सुमारास आमच्या काउंटरवर काही मंडळी नेमाने येऊ लागली. त्यांचा कोणाचा चेक नसे, स्लिप नसे. खिडकीतून हळूच विचारायचे, "शास्त्रीजी आले का?"

"शास्त्रीजी संपले. कामराज आहेत."

"कामराज आहेत माझ्याकडे. टिळक कधी येतील?"

"उद्या पिशवी फुटेल तेव्हा बघू."

"आले तर दोन टिळक ठेवा. पण कोरे हं! हाताळलेले नकोत."

रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाला हे संभाषण बँकेतले आहे की परलोकातले, असा प्रश्न पडत असे. आमचे हेडकॅशियर तर एकदा भर दुपारी ओरडले होते, "अरे, त्या भगतसिंगांना कोणी मोजलं का? दोन कमी भरतायत!"

या मंडळींना नाणेसंग्राहक म्हणतात. आपण नाण्याकडे बघतो ते रुपया आहे की दोन रुपये एवढे कळण्यापुरते. संग्राहक खिशातून भिंग काढतो आणि सालाखाली बघतो. तिथे हिरा असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे. पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबादचे. नुसते टिंब असेल तर नोएडाचे, कारण १९८८ साली तिथे चौथी टांकसाळ निघाली. आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. काही नसणे हीच ज्याची खूण, अशी ही एकच टांकसाळ. त्यामुळे एकाच टिळकांचे चार प्रकार होतात आणि चारही मिळाल्याशिवाय संग्राहकाला झोप येत नाही. टिळकांना हयातीत जहाल आणि मवाळ असे दोनच पक्ष माहीत होते.

आणखी एक गंमत सांगतो. क्रिकेटच्या टॉसला आपण 'छापा की काटा' म्हणतो. नेत्याचे नाणे उडवले तर छापा कोणता? चेहरा दिसतो तो छापा, असे कोणीही म्हणेल. पण सरकारी हिशोबात नाण्याची दर्शनी बाजू म्हणजे अशोकस्तंभाचे सिंह. नेता असतो तो पाठीमागच्या बाजूला. म्हणजे आपण भाषणात 'नाण्याची दुसरी बाजू' म्हणतो, तिथे नेमका कोणीतरी थोर पुरुष बसलेला असतो.

नाण्यावर कोणी बसायचे हा वाद तसा जुना आहे. निरनिराळ्या काळी त्याची निरनिराळी उत्तरे दिली गेली आणि त्यावरून त्या त्या काळाची परीक्षा करता येते.

आपल्यापासूनच सुरुवात करू. १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा शिवाजी महाराजांनी स्वतःची नाणी पाडली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. शिवराईच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', बस्स. चेहरा नाही. तोफखाना होता, आरमार होते, अष्टप्रधान होते. मनात आणले असते तर एखादा कारागीर चेहरा कोरायला मिळाला नसता असे नाही. पण नाण्यावर अक्षरे आली, तीही देवनागरी, आणि बाजारात मीठमिरची घेणाऱ्याच्या हातात गेली. पुढे पेशवाईतही त्याच नावाने शिवराया पडत राहिल्या. महाराज गेल्यानंतरही त्यांचे नाव लोकांच्या कनवटीला होते.

इंग्रजांचा मामला वेगळा. कंपनी सरकार आधी फार मर्यादेने वागले. मुलूख जिंकायचा आपण आणि रुपयावर नाव घालायचे दिल्लीच्या बादशहाचे, असा त्यांचा खाक्या होता. बादशहाकडे ते नाव सोडून फारसे काही उरलेही नव्हते. १८३५ साली कंपनीने हा संकोच टाकला आणि रुपयावर चौथ्या विल्यमचे मुंडके आले. मग व्हिक्टोरिया. तिचा 'राणीछाप' रुपया आपल्या आज्या-पणज्यांनी गळ्यातल्या पुतळ्यांइतकाच जपला. राणीला या देशात आलेले कोणी पाहिले नाही, कारण ती आलीच नाही. रुपयावरच्या चेहऱ्यानेच तिने सगळा कारभार केला.

राजाचा चेहरा मात्र नेहमीच सुखरूप उतरतो असे नाही. १९११ साली पंचम जॉर्जचा रुपया निघाला. राजाच्या झग्यावर एका मानचिन्हाची माळ होती आणि त्या माळेत एक हत्ती. मुंबई-कलकत्त्याच्या बाजारात लोकांनी तो रुपया निरखून बघितला आणि म्हणाले, हा हत्ती नव्हे, हे डुक्कर आहे! सोंड आखूड आणि पाय बुटके, त्यामुळे बिचाऱ्या हत्तीला खुलासाही करता येईना. बोभाटा इतका झाला की सरकारने तो रुपया मागे घेतला आणि १९१२ साली हत्तीला नीट सोंड देऊन पुन्हा काढला. ज्याच्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता त्या बादशहाला एका सोंडेपायी माघार घ्यावी लागली. संग्राहक आजही त्या नाण्याला 'डुकराचा रुपया' म्हणतात आणि मिळाला तर जीव टाकतात.

मग आपण स्वतंत्र झालो आणि राजाचा चेहरा गेला. त्या जागी कोण, हा प्रश्न आला. नोटांसाठी प्रथम गांधीजींचे चित्र घ्यावे असे ठरत होते, तशी चित्रे तयारही झाली होती. शेवटी विचार बदलला आणि सारनाथचे सिंह घ्यायचे ठरले. १९५० साली नाण्यांवरूनही राजा उतरला आणि सिंह चढले. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. नुकता कुठे एक चेहरा खाली उतरवला होता. लगेच दुसरा चढवायची घाई केली नाही. सिंहांना जात नाही, पक्ष नाही, नातेवाईक तर नाहीतच.

ही मर्यादा चौदा वर्षे टिकली. २७ मे १९६४ ला पंडित नेहरू गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या चेहऱ्याचे पन्नास पैसे आणि एक रुपया निघाला. स्वतंत्र भारताची ही पहिली स्मारक नाणी. यात राजा आणि लोकशाही यांच्यातला फरक दिसतो. राजा गादीवर बसला की नाण्यावर येतो. नेहरूंना त्यासाठी आधी जावे लागले. आजचे पुढारी हयातीतच चौकाचौकांत फलकांवर असतात, तो भाग वेगळा.

पाच वर्षांनी, १९६९ साली, गांधीजींची जन्मशताब्दी आली आणि सरकारने एकदम चार नाणी काढली. वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया आणि दहा रुपये. वीस पैशांचे पिवळेधमक, मधली दोन निकलची आणि दहा रुपयांचे चांदीचे. त्याचे वजन पंधरा ग्रॅम आणि त्यात ८० टक्के चांदी. म्हणजे गांधीजी चार आर्थिक स्तरांत उपलब्ध झाले. आता गांधीजींच्या एकादश व्रतांत एक व्रत अपरिग्रह. गरजेपेक्षा जास्त वस्तू जवळ ठेवू नये. त्या गांधीजींचे चांदीचे नाणे हातात आले की भल्या भल्या माणसाच्या मनात पहिला विचार येई तो ते कुठे लपवून ठेवावे हा! चांदीचे गांधी घराघरांतल्या कपाटांत गेले ते परत बाहेर आले नाहीत. आज त्यातल्या चांदीचीच किंमत दहा रुपयांच्या कितीतरी पट आहे. स्वतः गांधीजी व्यवहाराला पक्के होते. सही मागायला आलेल्याकडून हरिजन निधीसाठी पाच रुपये घेतल्याशिवाय सही देत नसत. सही फुकट नाही, पण पैसा जाणार गरिबाकडे. नाणे फिरले पाहिजे हे बॅरिस्टर असूनही त्यांना कळत होते.

लोकमान्यांचेही तेच. पाच रुपयांच्या नाण्यावरचे टिळक आपल्याला करारी दिसतात. पण टिळकांचा आणि नाण्याचा खरा संबंध पाच रुपयांचा नाही, एका पैशाचा आहे. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी 'पैसा फंड' काढला. प्रत्येकाने एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे करावेत, अशी कल्पना. टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काचकारखाना निघाला. एका पैशात काय होते असे विचारणाऱ्यांनी तळेगावला जावे. त्या पैशांवर चेहरा इंग्लंडच्या राजाचा होता. टिळकांनी राजाचाच चेहरा राजाच्या व्यापाराविरुद्ध कामाला लावला. स्मारक नाणे याहून चांगले कसे असते, मला माहीत नाही.

आणि बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा एक रुपया १९९० साली निघाला. आम्ही तेव्हा शाळेत होतो आणि त्या रुपयाची गोळ्या-बिस्किटे खात होतो. बी. कॉम.ला गेल्यावर कळले की बाबासाहेबांनी लंडनच्या डी. एस्सी.साठी जो प्रबंध लिहिला त्याचे नावच 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी', म्हणजे रुपयाचा प्रश्न. १९२३ साली त्याचे पुस्तक झाले. रुपया कसा घडला, चांदीचा भाव पडल्यावर त्याचे काय झाले, १८९३ साली टांकसाळी लोकांसाठी का बंद झाल्या, आणि रुपयाची किंमत हलली की गरिबाच्या ताटातले काय काय हलते, ही सगळी कुंडली त्यांनी मांडली. १९२५ साली चलनाच्या रॉयल कमिशनपुढे जाऊन त्यांनी साक्षही दिली. नाण्यावर बसलेल्या सगळ्या थोर पुरुषांत, आपण ज्यावर बसलो आहोत ती वस्तू नक्की काय आहे, हे इतके खोलात जाऊन सांगणारे बहुधा तेच.

६ डिसेंबर २०१५ ला त्यांच्या १२५व्या जयंतीवर्षानिमित्त दहा रुपयांचे नाणे आले. सोबत सव्वाशे रुपयांचेही आले, पण ते दाखवायचे. दहाचे चालवायचे. आणि ते चालेना! कोणीतरी कुठेतरी उठवून दिले की दहाची नाणी खोटी आहेत. कोणावर चिन्ह आहे, कोणावर नाही, कोणावर दहा रेघा, कोणावर पंधरा. त्यात हे निराळ्याच चित्राचे. रिक्षावाला परत करी, वाणी परत करी, आणि सगळे मिळून ते माझ्या काउंटरवर आणून आपटत. "साहेब, हे घ्या. चालत नाही हे." रुपयाची परीक्षा करण्यात ज्याने डॉक्टरेट मिळवली, त्याचे नाणे खोटे की खरे हे आता पानाच्या टपरीवर ठरत होते. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की दहाच्या नाण्याचे चौदा प्रकार आहेत आणि चौदाही खरे आहेत. आम्ही ते पत्रक काउंटरच्या काचेवर चिकटवले. त्याखालीच उभा राहून एक गृहस्थ मला म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण नोटच द्या."

एवढे सगळे बघून सरकारला काय वाटले असेल ते असो, पण आता थोर पुरुष हातात देण्याऐवजी डबीत देण्याकडे कल वाढला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये अटलबिहारी वाजपेयींचे शंभर रुपयांचे नाणे निघाले. पस्तीस ग्रॅमचे, निम्मी चांदी. २०२३ साली एन. टी. रामाराव आले, २०२४ साली करुणानिधी आले. ही नाणी टांकसाळीकडून मागवायची असतात आणि शंभराच्या नाण्याला काही हजार मोजावे लागतात. सुंदर असतात, प्रश्न नाही. पण त्यांना कधी कोथिंबिरीचा वास लागणार नाही. कोणी त्यांच्यावरून कंडक्टरशी भांडणार नाही. वाजपेयींसारखा गप्पिष्ट माणूस मखमलीच्या डबीत एकटा बसवायचा, हे मला तरी बरे वाटत नाही.

अशा विचारात असताना गेल्या पावसाळ्यात एक बाई काउंटरवर आल्या. पंचाहत्तरीच्या असतील. पिशवीतून त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला.

"जरा बघता का हो. ह्यांनी जमवलेली आहेत. फोन आला होता एक, अकरा लाख देतो म्हणाला. आधी एकवीसशे रुपये नोंदणीचे भरायचेत. ते भरायचा फॉर्म तुमच्याकडे मिळतो ना?"

मी म्हटले, "काकू, फॉर्म नाही आणि अकरा लाखही नाहीत. एक पैसा भरू नका." रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच असल्या भामट्यांविषयी लोकांना सावध केले होते, ते त्यांना समजावून सांगितले. त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "गळकं छप्पर करून घ्यायचं होतं. म्हटलं, ह्यांच्याच पैशात होईल."

मी डबा उघडला. प्रत्येक नाणे कागदाच्या चिटोऱ्यात गुंडाळलेले. चिटोऱ्यावर शाईने बारीक अक्षर. नेहरूंचे पन्नास पैसे : 'पुणे स्टेशन, चहाच्या सुट्यांत.' गांधींचा रुपया : 'दूधवाल्याकडून. त्याला दुसरा दिला.' छत्रपतींचे १९९९ सालचे दोन रुपये : 'नातीने खाऊतून आणले.' एकही नाणे कोरे नव्हते. सगळी चांगली चार हात फिरून आलेली. भिंगवाल्या मंडळींनी नाक मुरडले असते. चांदीचे दहा रुपये तेवढे एक होते. त्याची चिठ्ठी : 'हिने भिशीतून घेऊन दिले.'

काकूंनी ती चिठ्ठी वाचली आणि पुन्हा घडी घातली. म्हणाल्या, "हे असू दे. बाकीचं काय काय चालेल?"

मी बँकेच्या सुरात हिशोब सांगितला. नेहरूंचे पन्नास पैसे कायद्याने चालतात, वाणी घेणार नाही. रुपया, दोन रुपये, पाच रुपये चालतात. गांधींचे वीस पैसे मात्र नाहीत. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली.

"बंद म्हणजे?"

"म्हणजे ते आता पैसे नाहीत."

त्यांनी ते पिवळे नाणे बोटांत धरून उलटेपालटे केले. "म्हणजे आता ह्यात नुसते गांधीच उरले," त्या म्हणाल्या, आणि ते डब्यात ठेवून डबा बंद केला. एकवीसशे रुपये वाचले ते छपराला लावते म्हणाल्या.

हल्ली काउंटरवर सुट्यांची मागणी कमी झाली आहे. भाजीवालीच्या टोपलीवरसुद्धा चौकोनी ठिपक्यांचा कागद लटकतो, त्यावर मोबाईल धरला की पैसे जातात. जाणाऱ्या पैशावर कोणाचाही चेहरा नसतो, राजाचा नाही आणि पुढाऱ्याचाही नाही. टांकसाळीच्या हिऱ्या-ताऱ्यांनी पुढे काय करायचे ते त्यांचे त्यांनी बघावे. पण अजून पिशवी ओतली की एखाददुसरे टिळक निघतात. हजारो अंगठ्यांखालून गेल्यामुळे पगडी पुसट झालेली असते, साल वाचता येत नाही, हिरा की टिंब तेही कळत नाही. मिशांवरून तेवढे ओळखायचे. संग्राहकाच्या दृष्टीने ते नाणे वाया गेलेले असते. मी ते बाजूला काढीत नाही. पुढच्या माणसाच्या हातावर ठेवतो. त्याला बाहेर रिक्षाला सुटे लागणारच असतात.